नाव कोणाचं लिहू?

मुरबाडच्या तहसील कचेरीबाहेर मी अर्ज लिहून देतो. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तरी लोक अजून ‘भाऊ, एक अर्ज मारून द्या’ असंच म्हणतात. घर किन्हवलीला, शहापूर तालुक्यात, येणंजाणं सरळगाववरून. त्यामुळे दोन्ही तालुक्यांतली भांडणं माझ्या टेबलावर येतात. बांध, वाट, विहीर, वारस, पोटगी, वीटभट्टीचा बयाणा, गावकीनं वाळीत टाकलेलं घर. कल्याणच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, हे शिकून पोट कशावर भरणार? भरतं. कांट आणि मिल यांनी ज्या प्रश्नांवर आयुष्य घालवलं, ते प्रश्न इथे कोर्ट फी स्टँप हातात घेऊन रांगेत उभे असतात.

नीतिशास्त्र म्हटलं की लोकांना प्रवचन आठवतं. तसं ते नाही. काय करणं योग्य आणि का, याची छाननी करणारं ते शास्त्र. परिणाम बघा, असं बेंथम आणि मिल सांगतात. कर्तव्य बघा, परिणाम काय व्हायचा तो होवो, असं कांट. माणूस कोणत्या स्वभावाचा घडलाय ते बघा, असं ॲरिस्टॉटल. (एवढ्यात उरकलं म्हणून माझ्या सरांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं.) पण गेल्या शंभरेक वर्षांत या जुन्या प्रश्नाशेजारी दुसरा एक प्रश्न येऊन बसला आहे. योग्य काय ते राहू द्या. ‘हे चूक, हे बरोबर’ असं माणूस ठरवतो तरी कसा? हा मानसशास्त्राचा प्रश्न. माझ्यासमोर रोज येतो तो हाच.

एक गृहस्थ आले, पाणीसुद्धा न पिता म्हणाले, ‘‘धाकट्याला सोडायचा नाही. बांध कोरलाय त्यानं.’’

‘‘कधी?’’

‘‘यंदाच्या नांगरटीला.’’

‘‘नांगरट कोणी केली?’’

‘‘भाड्याच्या ट्रॅक्टरनं.’’

‘‘धाकटे होते तिथे?’’

‘‘तो कुठला? तो डोंबिवलीला कामावर.’’

‘‘मग?’’

‘‘सांगून ठेवलं असणार ट्रॅक्टरवाल्याला.’’

म्हटलं, ठीक आहे, मोजणीचा अर्ज करू. भूमी अभिलेखवाले येतील, हद्द कायम करून देतील, वाद मिटेल. गृहस्थ कचेरीच्या गेटाकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘मोजणी नको. मोजणीत आमचाच पुढे निघायचा.’’

एकेक कारण गळून पडलं, निवाडा मात्र जागचा हलला नाही. जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की हा माणसाचा अपवाद नव्हे, रीतच आहे. २००१मध्ये त्यानं एक निबंध लिहिला. भावना हे कुत्रं आणि तर्क ही त्याची शेपूट, असं त्याच्या नावातच होतं. त्याआधी त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमध्ये आणि अमेरिकेत लोकांना एक किळसवाणी गोष्ट ऐकवली होती. एका घरातलं पाळलेलं कुत्रं गाडीखाली मेलं. घरच्यांनी ऐकलं होतं की कुत्र्याचं मांस चविष्ट असतं. त्यांनी ते शिजवून खाल्लं. कोणी पाहिलं नाही, कोणाचं काही बिघडलं नाही. सांगा, यात चूक आहे का? पुष्कळांनी लगेच ‘आहे’ म्हटलं. का, ते सांगताना मात्र धांदल उडाली. आजारी पडतील, असं एक कारण. नीट शिजवलं होतं, असं सांगितलं की दुसरं कारण. तेही संपलं की ‘मला सांगता येत नाही, पण चूक आहे.’ आधी निकाल, मग पुरावा. माझ्या धंद्याची यापेक्षा चांगली व्याख्या मला कोणी सांगितलेली नाही.

गंमत अशी की कुत्र्याचं मांस आपल्याकडे या चर्चेत फार पूर्वीच येऊन गेलं आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं ‘गीतारहस्य’ १९१५मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ‘कर्मजिज्ञासा’ नावाचं प्रकरण आहे, आणि त्यात शांतिपर्वातला विश्वामित्र येतो. बारा वर्षांचा दुष्काळ पडलेला. भुकेनं कासावीस झालेला ऋषी चांडाळाच्या घरात शिरून कुत्र्याचं मांस चोरायला निघतो. घराचा मालक त्यालाच धर्म शिकवायला लागतो. विश्वामित्र म्हणतो, आधी जगू दे, धर्म नंतर करता येईल. टिळकांना त्यातून काय हवं होतं ते उघड आहे: नियमांची टक्कर होते तेव्हा बुद्धीनं मार्ग काढावा लागतो. हाइटचा सगळा भर त्या बुद्धीवर शंका घेण्याकडे. मी दोघांनाही मानतो, पण हाइटच्या शेपटीबद्दल माझी थोडी तक्रार आहे. अर्ज छापायच्या आधी मी तो मोठ्यानं वाचून दाखवतो. स्वतःचंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून, शेजारच्या बाकावरच्या चार अनोळखी माणसांसमोर ऐकलं की काही जण चुळबुळतात. ‘तेवढं वाक्य काढा’ म्हणतात. क्वचित कोणी ‘राहू द्या, उद्या येतो’ म्हणून उठतो आणि येत नाही. एकट्याच्या डोक्यात तर्क शेपटीसारखा हलत असेल. पण ज्याला आपली बाजू घ्यायची गरज नाही अशा माणसापुढे कारण द्यावं लागलं, की तोच तर्क कधीकधी मालकाला चावतो. हाइटही हे नाकारत नाही. दुसऱ्याच्या बोलण्यानं आपला कल बदलतो, हे त्याच्याच मांडणीत आहे. फक्त त्याचा निबंध गाजला तो कुत्र्यामुळे.

राबाचं प्रकरण मात्र वाचून दाखवूनही सुटलं नाही.

बाहेरच्या वाचकासाठी आधी राब सांगायला हवा. भाताचं रोप जिथे टाकायचं, ती जागा उन्हाळ्यात भाजून काढतात. खाली शेणाचा थर, त्यावर ऐनाचा वाळलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यात वर बारीक मातीचा हात. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग धावत नाही, सरपटते, आणि माती खोलवर भाजून तणाचं बी मरतं. वेळ पहाटेची किंवा वारा पडल्यावरची. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तर एका गावात दोघांनी एकाच दिवशी, भर दुपारी, वारा सुटलेला असताना राब पेटवले. दोघांनाही संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. पहिल्याच्या राबातून ठिणग्या उडाल्या, बांधावरचं गवत चार हात जळलं आणि आग आपोआप विझली. दुसऱ्याच्या ठिणगीनं शेजाऱ्याची पेंढ्याची उडवी धरली, उडवीवरून आग गोठ्यावर गेली आणि आत बांधलेलं वासरू भाजून मेलं.

ज्याचा गोठा गेला तो माझ्याकडे आला. ‘‘जाणूनबुजून पेटवलं, असं लिहा.’’

मी विचारलं, पहिल्यानंही दुपारीच पेटवला होता ना?

‘‘त्याचं काय? तो साधा माणूस आहे.’’

दोघांचा निष्काळजीपणा तोळाभरही कमीजास्त नव्हता. फरक वाऱ्याच्या एका झोताचा. तरी एक साधा ठरला आणि एक आगलाव्या. बर्नर्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये याच गाठीला हात घातला. जे माझ्या हातात नव्हतं त्याबद्दल मला दोष देता येत नाही, असं आपण सगळेच मानतो. मग ज्याच्या गाडीसमोर पोर आलं तो बेफिकीर ड्रायव्हर गुन्हेगार, आणि तितकाच बेफिकीर पण रस्ता मोकळा मिळालेला ड्रायव्हर नुसता वेंधळा, असं का? त्यांनी याला नैतिक दैव म्हटलं. उत्तर त्यांनाही सापडलं नाही. उत्तर आहे असं मलाही वाटत नाही.

मानसशास्त्रानं मात्र इथे थोडा उजेड पाडला आहे. ज्याँ पियाजे या स्विस संशोधकानं मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्याचं पुस्तक १९३२चं. एका मुलानं दार उघडलं, दारामागच्या पंधरा कपबश्या फुटल्या; त्या तिथे आहेत हे त्याला माहीत नव्हतं. दुसरा चोरून मुरांबा काढायला चढला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणाली, पंधरावाला. जरा मोठी झालेली मुलं हेतू बघायला लागली. पियाजेला वाटलं, वाढ म्हणजे हीच. पण वाढलेला माणूस वेगळीच चलाखी करतो. तो नुकसान बघतो आणि त्या नुकसानाच्या मापाचा हेतू बेतून समोरच्याच्या अंगावर चढवतो. वासरू गेलं, म्हणजे मनात काळं असणारच. शिवाय हेतूला सगळीकडे सारखं वजनही नसतं. २०१६मध्ये दहा वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना असेच प्रसंग सांगून पाहिले तेव्हा दिसलं की शहरी अमेरिकेत हेतूला मोठी किंमत आहे, तर फिजीच्या यासावा बेटांवर ‘झालं काय’ हेच जास्त धरतात. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं मला तरी मागासलेलं वाटत नाही. गोठ्यातलं वासरू परत येत नाही, आणि भरपाई मागायला हेतू सिद्ध करावा लागत नाही. मी तसा अर्ज लिहिला: तलाठ्यानं पंचनामा करावा, नुकसान भरून मिळावं. ‘जाणूनबुजून’ घातलं नाही. गृहस्थांनी पैसे दिले, पण समाधान झालेलं नव्हतं. त्यांना भरपाईपेक्षा तो शब्द हवा होता.

आता साक्षीबद्दल. शेतात जायची वाट कोणी अडवली की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५खाली तहसीलदारांकडे दाद मागतात. त्यात शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात: ही वाट जुनी आहे, आम्ही बघत आलो आहोत. मित्राच्या दाव्यात असंच एक प्रतिज्ञापत्र द्यायला एक माणूस आला, ज्यानं ती वाट जन्मात पाहिली नव्हती. मी म्हटलं, खोटं होईल. तो म्हणाला, ‘‘भाऊ, माझी आई रात्रीची अडली होती, पाड्याला रस्ता नाही, झोळी करून त्यानं खांद्यावर आणली सरकारी दवाखान्यापर्यंत. आता त्याच्यासाठी दोन ओळींना मी नाही म्हणू?’’

शहरातल्या माणसाला यात फक्त खोटेपणा दिसेल. जोन मिलर या संशोधिकेनं १९९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हैसूरच्या आणि अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या लोकांपुढे एक पेच ठेवला होता. मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या तुमच्याकडे आहेत, पाकीट चोरीला गेलं आहे, गाडी सुटायला आली आहे, आणि शेजारी एका सुटाबुटातल्या माणसाच्या कोटात तिकीट दिसतं आहे. तिकीट उचलायचं की मित्राचं लग्न चुकवायचं? अमेरिकेत बहुतेकांनी चोरी नको म्हटलं. म्हैसूरला बहुतेकांनी तिकीट घ्यायला सांगितलं. ते लोक नीतीला कमी मानत होते असं नाही. मित्राला दिलेला शब्द त्यांच्या लेखी चोरी न करण्याइतकाच, किंबहुना जास्त, नैतिक होता. आमच्याकडच्या साक्षीदाराचंही तेच. तो लाच घेत नाही, देणं फेडतो.

कांटला हे चाललं नसतं. १७९७मध्ये त्यानं लिहून ठेवलं की खुनी दारात येऊन ‘तुझा मित्र आत आहे का’ असं विचारील, तरी खोटं बोलू नये. महाभारताच्या कर्णपर्वात याचं उत्तर आधीच आहे. कौशिक नावाच्या तपस्व्यानं सत्याचं व्रत पाळून दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट दाखवली. ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. मला कौशिकाची गोष्ट कांटच्या निबंधापेक्षा शहाणी वाटते. पण ती झोळीवाल्याच्या मित्राला लागू होत नाही, कारण त्याच्या दारात खुनी नव्हता. ज्याच्या शेतातून ती न पाहिलेली वाट जाणार, तो एक तिसरा माणूस होता, आणि त्याचं नाव आमच्या बोलण्यात एकदाही आलं नाही. प्रतिज्ञापत्र मी लिहिलं नाही. त्यानं दुसऱ्या टेबलावर लिहून घेतलं असेल.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

अर्जाच्या नमुन्यात वर अर्जदार असतो आणि खाली गैरअर्जदार. गैरअर्जदाराची जागा रिकामी ठेवून अर्ज दाखल होत नाही. कर्ट ग्रे आणि डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञांच्या मते मनातला अर्जही असाच असतो. दुःख भोगणारा दिसला की मन लगेच दुःख देणारा शोधायला निघतं. एक जागा भरली की दुसरी रिकामी राहवत नाही. २०१०च्या एका निबंधात त्यांनी लोकांना एक गोष्ट दिली होती. दरीत एक कुटुंब सहलीला बसलंय आणि पाणी अचानक चढतं. काहींना सांगितलं, धरणावरच्या माणसानं मुद्दाम पाणी सोडलं. काहींना कारणच सांगितलं नाही. काहींच्या गोष्टीत नुसता डबा भिजला, काहींच्या गोष्टीत सगळे बुडाले. जिथे माणसं मेली आणि दोषी माणूस सापडेना, तिथे लोकांनी देवाचा हात जास्त पाहिला. गैरअर्जदार क्रमांक एक, परमेश्वर.

परमेश्वराचं नाव घेतलं तर कोणाचा जीव जात नाही. पण आमच्याकडे देवाच्या आधी शेजारी असतो.

मार्च २०२४मध्ये मुरबाड तालुक्यातल्याच एका गावात धार्मिक कार्यक्रम चालू असताना एका वयोवृद्ध माणसाला लोकांनी घरातून ओढत आणलं. तू करणी करतोस, असं म्हणून त्याला पेटत्या निखाऱ्यांवर नाचायला लावलं. त्याचे पाय भाजले. त्याचा व्हिडिओ फिरला, मग गुन्हा दाखल झाला. त्यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत सरकारनं वटहुकूम काढला आणि त्याच वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला.

त्या गावातली माणसं क्रूर, अडाणी, असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. मी अशा भागात वाढलो आहे, म्हणून सांगतो, ते तितकं सरळ नसतं. घरात पोर दगावतं, म्हैस आटते, सून पुन्हापुन्हा तापते. डॉक्टर गोळ्या देतो, कारण सांगत नाही. सांगितलं तरी त्या कारणाला तोंड नसतं. भगताकडे जातात. तो सुपातले तांदूळ बघतो आणि बहुधा नाव घेतच नाही. उगवतीला राहणारा, उंच, तुमच्यावर डोळा असलेला, एवढंच म्हणतो. उरलेलं घरचे भरतात. आणि भरताना कोणाचं नाव येतं? ज्याच्याशी आधीच बिनसलेलं असतं, ज्याच्यामागे चार मुलगे उभे राहणार नाहीत, जो म्हातारा किंवा विधवा आहे. राबवाल्याला निदान काडी ओढल्याचा दोष होता. इथे कृत्यच नाही. नुसता दोष आहे. आणि निवाडा करणाऱ्यांना आपण पाप करतोय असं वाटत नाही, गाव वाचवतोय असं वाटतं. अशा अर्जांत मी एकदाच हात जोडले आहेत: शिकलेला, नोकरीवाला मुलगा, चुलतीच्या नावानं ‘करणीबाबत’ असा विषय लिहून मागत होता. त्याला अर्जाऐवजी कायद्याची प्रत छापून दिली.

इथून शहापूरकडे वळू या, कारण तिथे नेमकं उलटं घडतं. दुःख आहे, भोगणारे डोळ्यांसमोर आहेत, आणि राग कुठेच नाही.

मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. ते सात तलावांतून येतं. त्यातलं तानसा १८९२मध्ये पुरं झालं, शहापूर तालुक्यात. भातसा याच तालुक्यात. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं. आणि फेब्रुवारी-मार्च लागला की याच तालुक्यातल्या कसारा-खर्डी पट्ट्यात पाड्यापाड्यांवर टँकर सुरू होतात. कारण सांगता येण्यासारखं आहे. पाऊस धो धो पडतो, पण खाली काळा पाषाण. पाणी मुरत नाही, वाहून जातं आणि धरणात साठतं. धरण दरीत, पाडे डोंगरावर. धरणातलं पाणी शहरासाठी राखलेलं, त्याच्या मोठाल्या पाइपा शहराकडे जाणाऱ्या. शहापूरच्या गावपाड्यांसाठी इगतपुरीकडच्या भावली धरणातून पाणी आणायची योजना निघाली आहे. म्हणजे धरणांच्या तालुक्याला पाणी शेजारच्या नाशिक जिल्ह्यातून.

यात वाईट कोण? जोशुआ नोब या तत्त्वज्ञानं २००३मध्ये मॅनहॅटनच्या एका बागेत फिरायला आलेल्यांना विचारलं होतं. कंपनीच्या अध्यक्षाला सांगतात, या योजनेनं नफा वाढेल, पण निसर्गाचं नुकसान होईल. तो म्हणतो, मला निसर्गाची पर्वा नाही, नफा हवा. त्यानं नुकसान मुद्दाम केलं का? शंभरातले ब्याऐंशी म्हणाले, हो. दुसऱ्यांना तीच गोष्ट एक शब्द बदलून सांगितली: नुकसानाऐवजी फायदा. त्यानं फायदा मुद्दाम केला का? हो म्हणणारे तेवीस. वाईट झालं की मुद्दाम, चांगलं झालं की योगायोग. मला यात जास्त भावतो तो अध्यक्ष. तो तोंडानं ‘पर्वा नाही’ म्हणतो, म्हणून तर लोकांना त्याच्यावर बोट ठेवता येतं. शहापूरच्या पाण्याच्या बाबतीत गेल्या सव्वाशे वर्षांत कोणीही ‘पर्वा नाही’ म्हटलेलं नाही. इंग्रजांच्या इंजिनिअरनं मुंबईची तहान बघितली. नंतरच्यांनीही तीच बघितली. आजही प्रत्येक टेबलावर सगळ्यांना पर्वा आहे. अंधेरीत नळ उघडणाऱ्या बाईचा तर यात काडीचा हेतू नाही. हेतूच नाही, म्हणून दोष नाही, म्हणून गैरअर्जदार नाही.

फिलिपा फूटनं १९६७मध्ये मांडलेलं ट्रॉलीचं कोडं आता व्हॉट्सॲपवरही फिरतं. सुटलेली गाडी, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक; खटका ओढायचा का? धरणाची वकिली करताना लोक याच भाषेत बोलतात, तिकडे कोट्यवधी, इकडे चार पाडे. मला ते कोडं पहिल्यापासून आवडत नाही. त्यात रूळ कोणी टाकले आणि त्या एकट्याला तिथे कोणी बांधलं, हे विचारायची सोयच नसते.

राग जायला वाट नसली की तो जिरतो, असं वाटेल. मेल्विन लर्नरचा १९६६चा प्रयोग वेगळं सांगतो. एका मुलीला विजेचे झटके बसताहेत, असं नाटक विद्यार्थिनींना बघायला लावलं. तिला सोडवणं ज्यांच्या हातात नव्हतं, त्या तिलाच कमी लेखायला लागल्या. जग न्यायी आहे हा विश्वास टिकवायचा तर भोगणारा त्याच लायकीचा असायला हवा. आमच्या एसटीत हा प्रयोग दर उन्हाळ्यात होतो. टँकरमागे पळणाऱ्या बाया खिडकीतून दिसतात आणि कोणीतरी म्हणतंच, पावसाळ्यात साठवायला काय होतं यांना? पाषाणात काय साठवायचं, हे विचारणारा त्या गाडीत सहसा नसतो. भट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याबद्दलही तेच: बयाणा घेतो आणि उडवतो. भट्टीचा हिशेब कोण लिहितो, हा प्रश्न कोणी काढत नाही.

नाव सापडतं तेव्हा काय होतं तेही इथेच दिसलं आहे. मुरबाडच्या काळू धरणाचं काम वनखात्याच्या मंजुरीशिवाय सुरू झालं, पोकलेन आले, झाडं पडू लागली. लोक संघटनेनं उभे राहिले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१२मध्ये काम थांबलं. तिथे यंत्र होतं, ठेकेदार होता, कागदावर नसलेली सही होती. प्रतिवादीच्या जागी लिहायला काहीतरी होतं. तहानेला पोकलेन नसतो.

रविवारी मी किन्हवलीत घरच्या ओटीवरही अर्ज लिहितो. उन्हाळ्यात एका ठाकरवाडीच्या बाया येतात, टँकरच्या मागणीसाठी. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, शहापूर. त्यांच्यातल्या थोरलीला मी विचारलं, ‘‘मावशी, यंदा जरा कडक लिहू का? तक्रार म्हणून? नाव कोणाचं लिहू?’’

त्यांनी आपसात बरंच बोलून घेतलं. ग्रामसेवक नवा आहे, तो बिचारा काय करणार. सरपंच घरातलीच. टँकरचा ड्रायव्हर तर चांगला, घाट चढून वरपर्यंत येतो. मुंबईवाल्यांचं एकीनं काढलं, तर दुसरी म्हणाली, माझा पोरगा तिथेच हाटेलात भांडी घासतो, त्यालाही तेच पाणी लागतं.

‘‘नाव नको,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मागच्या सालचाच अर्ज काढा की. तारीख बदला.’’